संहती आणि अभिक्रियेचा दर

रासायनिक अभिक्रियेत एकक काळात अभिक्रियाकारक जितके घटतात किंवा उत्पादिते जितकी वाढतात, त्या प्रमाणाला अभिक्रियेचा दर म्हणतात. विद्रावाच्या ठरावीक आकारमानात अभिक्रियाकारक किती आहे हे सांगणारी राशी म्हणजे संहती, आणि ती बहुधा दर लिटरमागे मोलमध्ये देतात. तापमान स्थिर असता संहती वाढली की सामान्यतः दर वाढतो, कारण रेणूंची दाटी झाली की त्यांच्या टकराही वाढतात. तो किती पटींनी वाढेल हे मात्र समीकरणावरून सांगता येत नाही, प्रयोगानेच ठरवावे लागते. संहती दुप्पट केल्यावर दरही दुप्पट झाला तर अभिक्रिया त्या घटकापुरती प्रथम कोटीची, चौपट झाला तर द्वितीय कोटीची आणि मुळीच बदलला नाही तर शून्य कोटीची मानतात.

हा संबंध गणिती रूपात प्रथम मांडला तो लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५० साली, आणि तोही साखरेच्या विद्रावावर. अम्लाच्या सान्निध्यात उसाची साखर (सुक्रोज) पाण्याशी संयोग पावून ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभागते. सुक्रोजचा विद्राव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवतो, तर तयार होणारे मिश्रण डावीकडे; त्यामुळे विद्रावाला हात न लावता, केवळ ध्रुवणमापीतून पाहून, साखर किती उरली हे क्षणोक्षणी मोजता आले. दर उरलेल्या साखरेच्या प्रमाणात राहतो, असे त्याला आढळले. म्हणूनच अशा अभिक्रियेत निम्मी साखर फुटायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ उरलेल्यातली निम्मी फुटायला लागतो, मग आरंभी ती कितीही असो. रासायनिक गतिशास्त्राचा आरंभ येथूनच मानणे योग्य होय.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीला, म्हणजे १९५० साली लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी कारखान्यापासून पुढच्या सर्वच कारखान्यांना, ही अभिक्रिया तोट्याची आहे. कारखान्यातील रसायनतज्ज्ञ तिला इन्व्हर्जन म्हणतात. ताज्या रसाचा सामू सुमारे ५ ते ५.५ असतो. येथे अम्लातील हायड्रोजन आयन खर्च होत नाहीत, पण त्यांच्या संहतीवर दर अवलंबून असतो. सामू एकाने वाढला की ही संहती दहापटींनी घटते. म्हणून रस तापवून आटवण्यापूर्वी त्यात चुन्याचे दूध घालून सामू ७ च्या आसपास आणतात, तेव्हा ही फूट सुमारे तीस ते शंभर पटींनी मंदावते. चुना जास्त पडला तर फुटलेल्या शर्करांचे विघटन होऊन रस काळवंडतो, त्यामुळे प्रमाण सांभाळावे लागते. रसाचा ‘पोल’ (ध्रुवणावरून मोजलेले साखरेचे प्रमाण) काढण्यासाठी प्रयोगशाळेत वापरतात तो ध्रुवणमापी विल्हेल्मीच्याच उपकरणाच्या कुळातला.

हीच अभिक्रिया इन्व्हर्टेज या विकराकडून घडते तेव्हा चित्र पालटते. लिओनोर मायकेलिस व मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये दाखवले की साखर विरल असता दर तिच्या संहतीबरोबर वाढतो, पण एका मर्यादेपलीकडे विकराचे सर्व रेणू गुंतून पडतात आणि आणखी साखर घातली तरी दर वाढत नाही. मग विकर किती आहे यावरच तो ठरतो. एकाच अभिक्रियेची कोटी मार्गानुसार अशी बदलते.

तोडलेल्या उसात हे विकर आणि सूक्ष्मजीव दोन्ही साखर फोडत राहतात, आणि उन्हात ही झीज अधिकच वाढते. तेथे चुन्याचा इलाज चालत नाही, म्हणून ऊस तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत गाळावा, अशी शिफारस केली जाते.