गंधज्ञान : वैज्ञानिक आकलनाचा इतिहास

हवेतून नाकात शिरलेल्या रेणूंची चेतापेशींमार्फत होणारी ओळख. दृष्टी आणि श्रवण यांच्या मानाने याचा उलगडा फार उशिरा झाला. न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानून त्याचे सुरभी आणि असुरभी असे दोनच प्रकार केले. अठराव्या शतकात लिनीअसने सात वर्ग पाडले. रंगाला तरंगलांबी, आवाजाला वारंवारता. गंधाला तशी मोजपट्टीच नव्हती. त्यात एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका याने मेंदूतील गंधकंदाच्या आकारावरून माणसाला दुबळ्या घ्राणशक्तीच्या प्राण्यांत बसवले. नाकाची परीक्षा न घेताच दिलेला हा निकाल पाठ्यपुस्तकांत शतकभर टिकला.

विसाव्या शतकातला वाद वास रेणूच्या आकारावरून ठरतो की त्याच्या कंपनांवरून, असा होता. जॉन अमूर याने आकाराचा पक्ष मांडला : रेणू नाकातील आपल्या मापाच्या खाचेत बसला की वास कळतो. १९७१ मध्ये कार्व्होन या द्रव्याने कंपनवाद्यांना अडचणीत आणले. त्याचे दोन रेणू उजव्या-डाव्या हातासारखे परस्परांच्या आरशातील प्रतिमा असतात; दोघांची कंपने सारखीच. तरी एकाचा वास पुदिन्याचा, दुसऱ्याचा शहाजिऱ्याचा. बाळंतशेपा चुरडल्यावर येणाऱ्या वासातही हा दुसरा असतो. आकारवादही मात्र पुरा पडेना. हायड्रोजन सायनाइड आणि बेंझाल्डिहाइड यांच्या रेणूंत काही साम्य नाही, पण दोन्हींना कडू बदामाचाच वास येतो.

कोंडी फुटली ती १९९१ मध्ये. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी रेणूंऐवजी जनुकांकडे मोर्चा वळवला आणि उंदरांच्या नाकातील गंधग्राही प्रथिनांचे जनुककुल शोधले. त्यात सुमारे हजार जनुके निघाली. माणसात त्यांपैकी चारशेच्या आसपास चालू स्थितीत आहेत, बाकीची निकामी. एका चेतापेशीत साधारणपणे एकाच जातीचा ग्राही असतो; पण एक रेणू अनेक ग्राहींना जागवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे वास हा एकेका किल्लीचा नव्हे, जुळणीचा मामला. पेटीवर मोजक्याच पट्ट्यांतून असंख्य सुरावटी निघाव्यात तसा. बक आणि ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल मिळाले.

गंधरेणूला धरून बसलेल्या मानवी ग्राहीची रचना प्रत्यक्ष दिसायला २०२३ साल उजाडले. ओआर५१ई२ नावाचा हा ग्राही पुरःस्थ ग्रंथीतही आढळतो. नाकाबाहेर तयार होण्याची सवय असल्यामुळेच तो प्रयोगशाळेतील पेशींत बनवता आला. त्याचे बहुतेक भाऊबंद तिथे तयारच होत नाहीत.