बाग इकडं, वायनरी डोंगरापलीकडं

वाईनच्या द्राक्षाचा दर, करार यावर आपण नेहमी बोलतो. आज लेबनॉनच्या बागायतदारांचा थोडा इतिहास.

तिथं बेका नावाचं खोरं आहे. दोन डोंगररांगांच्या मधे, साधारण 1000 मीटर उंचीवर. द्राक्षं फार जुनी. रोमन लोकांनी बालबेकला मद्यदेव बाकसचं देऊळ बांधलं, ते अजून उभं आहे. 1857 ला जेझुइट पाद्र्यांनी क्सारा वायनरी काढली, 1930 ला गॅस्टन होशार यांनी शातो मुसार. मुसारच्या बागा बेकात, पण वायनरी डोंगर ओलांडून समुद्राच्या अंगाला, गझीरला.

1959 पासून त्यांचे चिरंजीव सर्ज होशार वाईन करू लागले. 1975 ला देशात यादवी पेटली, ती 1990 पर्यंत चालली. आता बघा, बाग आणि टाकी यांच्या मधल्या रस्त्यावरच लढाई.

खुडलेला माल थांबत नाही, हे आपल्याला काय सांगायचं! 1976 ला मुसारची वाईन झालीच नाही. 1984 ला गाड्या वाटेत इतक्या अडकल्या की द्राक्षं ट्रकमधेच आंबायला लागली. बाकीची सगळी वर्षं मात्र खुडा झाला, माल पोचला, वाईन झाली.

देशातलं गिऱ्हाईक तुटलं तेव्हा सर्ज बाहेर पडले. 1979 ला इंग्लंडात ब्रिस्टलच्या वाईन मेळ्यात त्यांच्या बाटल्या जाणकारांनी उचलून धरल्या, तिथून निर्यात वाढली. त्यांची लाल वाईन साधारण 7 वर्षं मुरवून विकतात. म्हंजे 1983 च्या मालाचे पैसे हातात यायला 1990 उजाडणार. लढाई चालू असताना एवढा पैसा अडकवायचा, याला छाती लागते.

शेजारच्या सीरियातही तेच. 2011 नंतर बार्जिलस वायनरीचे मालक बैरूतमधे अडकले. बागेतले घड बर्फात ठेवून टॅक्सीनं सरहद्दीपार त्यांच्याकडं जायचे. ते चाखून बघायचे आणि फोनवर सांगायचे, खुडा कधी करायचा.

आपल्याला एका वर्षी दर पडला की कुऱ्हाड हातात येते. येते, कारण कर्ज असतं, मलाही कळतं. पण होशारांनी 1976 ला बाग तोडली असती, तर पुढच्या 14 वर्षांत टाकीत घालायला काय होतं?