बेवारशी आणि दत्तक

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका शहरातील प्राण्यांच्या निवाऱ्यातून मी एक लहानशी, शांत कुत्री घरी आणली. तेथील लोकांनी सहीसाठी एक छापील कागद पुढे केला. वर ठळक अक्षरांत शब्द होता ‘दत्तकपत्र’. इतिहास शिकविणाऱ्या माणसाची लेखणी त्या शब्दाशी क्षणभर थबकली. दत्तक नामंजूर करूनच डलहौसीने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी खालसा केली होती. गादीला वारस नाही असे एकदा ठरले की राज्य बेवारशी, आणि बेवारशी ते सरकारचे! घरी आल्यावर आई म्हणाली, “आता कुत्र्यालेबी दत्तक घेशीन का रे भाऊ?” तिचा प्रश्न थट्टेचा होता, तथापि त्याचे उत्तर शोधताना मी थेट १८३२ सालच्या मुंबईत जाऊन पोहोचलो.

त्या काळी मुंबईत मोकाट कुत्री फार. १८१३ पासून वर्षातील ठराविक उष्ण दिवसांत ती मारण्याची पोलिसांना मुभा होती. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरले. आठ आण्यांच्या लोभाने मारेकरी रस्त्यावर थांबले नाहीत. ते लोकांच्या आवारात शिरू लागले आणि पाळलेली कुत्रीही काठीखाली पडू लागली.

पारशी समाजाला हे सहन होणे शक्य नव्हते. त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर देहावर पडावी लागते. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात, आणि त्यासाठी डोळ्यांच्या वर ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा विशेष मानतात. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. पारशांबरोबर जैन आणि इतर हिंदू व्यापारीही त्यात उतरले. कुलाब्याच्या फौजेकडे जाणारा शिधा अडविला गेला. अखेर सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली, खटले चालले आणि काहींना शिक्षाही झाल्या.

येथे इंग्रजांना केवळ क्रूर ठरवून मोकळे होणे मात्र न्यायाचे नाही. पाश्चरची लस १८८५ साली आली. कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली निघाली. १८३२ साली पिसाळलेला कुत्रा चावला म्हणजे माणूस पाण्याला भीत भीत मरणार, हे ठरलेले होते. भय खरे होते. चुकला तो त्यावरचा उपाय. सरकारने कुत्र्यांची दोनच खाती मानली होती : मालकाचा आणि बेवारशी. गल्लीतल्या दहा घरांच्या तुकड्यावर जगणारा, रात्री त्याच दहा घरांची राखण करणारा कुत्रा या दोन्ही खात्यांत बसत नव्हता.

दंगल शमल्यावर शहरातील प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी दंगलीचा निषेध केला, आणि त्याबरोबरच कुत्री न मारता शहराबाहेर न्यावीत अशी विनंती सरकारला केली. सरकारने ती मानली. पण बाहेर नेलेल्या जिवांना सांभाळणार कोण? त्यातूनच १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. एक पारशी, एक जैन. धर्म वेगळे, करुणा एक. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून त्याचा खर्च चालविला. पुढे पांजरापोळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे म्हाताऱ्या गाई-बैलच येऊ लागले. पण मुंबईच्या त्या संस्थेचा जन्म कुत्र्यांच्या निमित्ताने झाला, हे विसरून चालणार नाही.

आमच्या फैजपुरात खंडोबाचे देवस्थान आहे. खंडोबाबरोबर घोडा असतो तसा कुत्राही असतो. त्याचे वाघ्ये म्हणजे देवाचे कुत्रेच. काही ठिकाणी ते विधीत कुत्र्यासारखे भुंकत आणि जमिनीवरच्या कोटंब्यातून प्रसाद खात. दत्ताच्या पायांशी तर चार कुत्री, लोक त्यांना चार वेद मानतात. परंतु याच गावात कुत्र्याला दगड मारणारी पोरे मी वर्गात शिकवतो, आणि कुत्रा चावल्याने दवाखान्यात सुया टोचून घेणारी पोरेही तीच असतात. देवळातल्या कुत्र्याला नमस्कार आणि दारातल्याला दगड, असा आपला व्यवहार आहे.

१८३२ चा प्रश्न अजून संपलेला नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनी मारण्याऐवजी निर्बीजीकरण व लसीकरणाचा मार्ग धरला. २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला, आणि अकरा दिवसांतच तो सौम्य केला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत. पिसाळलेली वा हिंस्र मात्र सोडू नयेत, असे ठरले. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती. ज्यांना कळवळा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घ्यावे, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. १८३२ साली दोन खात्यांच्या मध्ये अडकलेल्या कुत्र्याला हे तिसरे खाते मिळाले. पांजरापोळ ही धर्मशाळा आहे. तिच्यात मुक्काम होतो, संसार होत नाही.

आता माझ्या दत्तकाविषयी. सात-आठ वर्षांची, मांजराहून थोडी मोठी ही चिंगी कोणीतरी घर बदलताना मागे सोडून दिली होती. निवाऱ्यात उड्या मारणारी पिल्ले लोक आधी उचलतात. कोपऱ्यात गप्प बसलेल्या प्रौढ कुत्रीकडे कोणाचे लक्ष जात नाही. मी तिला शांत म्हणून आणले. घरी आल्यावर कळले की ती शांतता नव्हती, ते भय होते. पंधरा दिवस ती खाटेखालून बाहेर आली नाही. जेवायची तीही रात्री, आम्ही निजल्यावर. लस, औषध, ठरलेल्या वेळी फिरणे आणि तिच्याशी कोणी मोठ्याने न बोलणे, एवढेच आमच्या हाती होते. खरी शांतता यायला तीन महिने लागले.

त्या दिवाळीत गल्लीत पहिला बार उडाला, तशी ती पुन्हा खाटेखाली शिरली. थोड्या वेळाने मी आत आलो तर आई खाटेजवळ जमिनीवर बसलेली, एक हात खाटेखाली. मला पाहताच म्हणाली, “पोरायले सांग, फटाके तिकडे मैदानात फोडा म्हना. आपल्या घरात भेकड जीव हाये.”

दत्तकपत्रावर सही मी केली होती. दत्तक त्या रात्री झाले.