कोयनामाईचे खोरे : काल आणि आज

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयनामाई सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेकडे वळते, पाटण येथे केरा नदीला पोटात घेते व कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस भेटते. दोन्ही अंगांस सह्याद्रीचे उंच डोंगर, उतारावर नाचणी-वरीची शेते आणि काठावर भातखाचरे, असे हे पाटणचे खोरे आहे.

कोकणातला माल कुंभार्ली घाटाने याच वाटेने देशावर येई. त्या वाटांवर नजर ठेवण्यास जंगली जयगड व दातेगड हे किल्ले होते. दातेगडावरील कातळात खोदलेली पायऱ्यांची विहीर आजही पाहणाऱ्यास थक्क करते. हेळवाकची घळ समर्थ रामदासस्वामींच्या वास्तव्याने पावन झाली आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर राज्याला विजेची गरज पडली. १९५४ साली धरणाचे काम सुरू झाले व १९६४ च्या सुमारास १०३ मीटर उंचीचा बांध पुरा झाला. नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे वळले, त्यावर वीज निर्माण झाली आणि कारखाने चालू लागले. परंतु शिवसागर जलाशयाखाली पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, शेते व देवळे गेली. सोलापूर, सांगली, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत माणसे पांगली. सातबारा बदलला, पाणी बदलले. कित्येकांनी देव तेवढे बरोबर नेले.

ती जखम ओली असतानाच ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे १८० जीव गेले व हजारो कुटुंबे उघड्यावर आली. घरे पुन्हा उभी राहिली. याच तालुक्यात समर्थांनी स्थापिलेल्या चाफळच्या श्रीराम मंदिराचाही पुढे उद्योगपती अरविंदभाई मफतलाल यांच्या औदार्याने जीर्णोद्धार झाला.

आज हौशी पाहुणे ओझर्डेचा धबधबा व कोयनानगरचे नेहरू उद्यान पाहण्यास येतात. कोयना अभयारण्य १९८५ साली झाले, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले. खोऱ्याचे नाव जगभर झाले, याचा अभिमान आहेच. तथापि जलाशयाच्या निळ्या पाण्याखाली कोणाचे तरी अंगण आहे, हे पाहुण्यांस सांगण्याचे काम गावकऱ्यांचेच आहे.

मुंबईस गिरणीत, गोदीत राबलेले चाकरमानी आणि पुनर्वसनात दूर गेलेले भाऊबंद यात्रेला पालखीच्या खांद्याशी एकत्र येतात. घर गेले, शिवार गेले, तरी परत येण्यास देवाचे दार राहते. देऊळ नीट राखणे म्हणजे दूर गेलेल्यांची वाट राखणे होय. जीर्णोद्धारासाठी ज्यांनी रुपया दिला, ज्यांनी श्रमदान केले व ज्यांनी दगड वाहिला, त्या सर्वांनी हीच वाट राखली आहे. ती अखंड वाहती राहो, हीच श्रींचे चरणी प्रार्थना.