भाडेकऱ्याचें खुराडें

दुसरें महायुद्ध संपून पांच वर्षें लोटलीं होतीं, तरी इंग्लंडमध्यें साखर, मांस व अंडीं अद्याप शिधापत्रिकेवरच मिळत होतीं. अशा दिवसांत, म्हणजे १९५० सालीं, ब्रिटिश पार्लमेंटनें एक लहानसा कायदा संमत केला. त्याचें नांव 'अलॉटमेंट्स अ‍ॅक्ट'. भाजीपाला पिकविण्यासाठीं शहरांतील लोकांस अल्प भाड्यानें मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांविषयीं तो आहे. वकिलांखेरीज फारशा कोणीं तो वाचला नसेल. परंतु त्याच्या बाराव्या कलमांत इंग्लंडच्या गरीब भाडेकऱ्यांस एक हक्क कायमचा मिळाला. भाडेपट्ट्यांत कांहींही लिहिलेलें असो, जमीन ज्याच्या ताब्यांत आहे त्याला धंद्यासाठीं नव्हे, तर घरापुरत्या कोंबड्या किंवा ससे पाळतां येतील, आणि त्यांच्यासाठीं जरूर तेवढें खुराडेंही उभारतां येईल, असा त्या कलमाचा आशय आहे. आरोग्यास अपाय होऊं नये व कोणास उपद्रव पोहोंचूं नये, एवढीच मर्यादा.

खुराड्यासाठीं पार्लमेंटनें कायदा करावा याचें नवल वाटेल. पण इंग्लंडांतील सामान्य माणूस बहुधा भाड्याच्या घरांत राहत असे, आणि उपनगरांतील घरांच्या भाडेपट्ट्यांत कोंबड्या पाळण्यास मनाई करणारें कलम पुष्कळदां असे. कोंबडी म्हणजे घाण, आवाज आणि घराची किंमत उतरविणारें खेडवळपण, अशी घरमालकांची समजूत. गंमत अशी कीं, १८४० नंतरच्या दशकांत याच देशाच्या राणीनें, व्हिक्टोरियानें, विंझर येथील आपल्या शेतावर कोंबड्यांसाठीं शोभिवंत इमारत बांधविली होती. चीनमधून आलेल्या कोचीन जातीच्या अवाढव्य कोंबड्या पाहून लोक वेडावले. 'कुक्कुटज्वर' म्हणून प्रसिद्ध झालेली ती लाट अमेरिकेंतही पसरली. तेथील जॉर्ज बर्नहॅम नांवाच्या व्यापाऱ्यानें १८५२ मध्यें राणीला कांहीं पक्षी भेट पाठविले व त्या वेडावर भरपूर पैसा मिळविला. मग १८५५ मध्यें त्याच वेडाची थट्टा करणारें पुस्तकही लिहिलें. त्या जातीस पुढें आपल्या ब्रह्मपुत्रेवरून 'ब्रह्मा' हें नांव पडलें. राणीच्या अंगणांत जी गोष्ट हौस ठरली, ती भाडेकऱ्याच्या अंगणांत उपद्रव ठरत होती.

ही स्थिति पालटली ती युद्धानें. इंग्लंडांत खाल्ल्या जाणाऱ्या अंड्यांपैकीं बराच भाग परदेशांतून येई. कोंबड्यांचें धान्यही जहाजांतूनच येई. १९४० च्या एप्रिलांत डेन्मार्क आणि मे महिन्यांत हॉलंड जर्मनांच्या हातीं गेलें. जहाजांत जागा उरली नाहीं. जें धान्य येई तें आधीं माणसांच्या मुखीं घालणें भाग होतें. मोठमोठ्या कुक्कुटशाळांना आपले कळप कापून कमी करावे लागले. १९४१ च्या जूनपासून अंड्यांचें वाटप सरकारी नियंत्रणाखालीं आलें. माणशीं आठवड्यास एक अंडें, तेंही मिळालें तर, असा तो हिशेब होता. पुढें अमेरिकेहून अंड्यांची भुकटी येऊं लागली. पण भुकटीचें अंडें उकडतां येत नाहीं.

तेव्हां सरकारनें एक शहाणपणाचा सौदा पुढें ठेवला. ज्यानें घरीं कोंबड्या पाळल्या असतील त्यानें आपला अंड्यांचा हिस्सा सोडून द्यावा. त्याच्या बदल्यांत त्याला कोंबड्यांच्या खाद्यांत मिसळावयाचें पीठ शिध्यावर मिळेल. या पिठांत घरांतील बटाट्याच्या साली, कोबीचीं जून पानें व असलेंच उष्टेंमाष्टें उकडून कालवावयाचें. सौद्याचा हिशेब कोणाही गृहिणीस तोंडीं करतां येण्यासारखा होता. हिश्शाचीं वर्षाचीं अंडीं फार तर बावन्न. आणि नीट सांभाळलेली एक बरी कोंबडी वर्षांत दीडशेंच्या आसपास अंडीं देई. अर्थात् तीं वर्षभर सारखीं मिळत नसत. वसंतांत रेलचेल होई आणि हिवाळ्यांत पिसें झडलीं कीं अंडें दुर्मिळ होई. म्हणून जास्तीचीं अंडीं 'वॉटर-ग्लास' म्हणजे सोडियम सिलिकेटाच्या द्रावणांत बुडवून बादलींत महिनेच्या महिने ठेवीत. अन्न वायां घालविणें १९४० पासून गुन्हा झाला होता. म्हणून माणसानें खाण्याजोगा पावाचा तुकडाही कोंबडीपुढें टाकण्याची सोय नव्हती. भाडेपट्ट्यांतील मनाईही युद्धकालीन नियमांनीं बाजूस सारली, आणि कोंबड्या, ससे व डुकरें पाळण्याची मोकळीक भाडेकऱ्यास मिळाली.

परवानगी मिळाली, पीठ मिळालें. पण खुराडें कशाचें करावयाचें? लाकडावर युद्धाच्या आरंभापासूनच सरकारी नियंत्रण होतें आणि सुताराकडून नवें खुराडें करवून घेणें सामान्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. बॉम्बनें पडलेल्या घरांच्या फळ्या व दारें रस्त्याच्या कडेस दिसत, पण तीं उचलणें म्हणजे लूट, आणि तिला शिक्षा होती. मग संत्र्यांचीं खोकीं, चहाचीं खोकीं, मोडकें कपाट, जुनें दार, अशा वस्तूंतून लोकांनीं खुराडीं उभीं केलीं. त्यांचें रूप ओबडधोबड असे. तरी त्यांतलीं पुष्कळशीं राणीच्या इमारतीपेक्षां कोंबडीच्या सोयीचीं असावींत, असें म्हणण्यास जागा आहे. कारण खुराड्याचें शास्त्र खर्चावर अवलंबून नसून पक्ष्याच्या स्वभावावर अवलंबून आहे.

कोंबडी ही मूळची रानांतली. आग्नेय आशियांतील तांबड्या रानकोंबडीपासून ती माणसाळली. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें थायलंडांतील बान नोन वाट येथें, ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० च्या दरम्यान, भाताच्या शेतीच्या आश्रयानें ती माणसाजवळ आली असावी. तिची पूर्वज रात्रीं झाडाच्या फांदीवर बसे. ती संवय हजारों वर्षांत गेलेली नाहीं. म्हणून खुराड्यांत पहिली गरज बसावयाच्या आडव्या दांडीची. दोन हजार वर्षांपूर्वींचा रोमन ग्रंथकार कोलुमेला यानें या दांडीविषयीं बारकाईनें लिहून ठेविलें आहे. दांडी गोल व गुळगुळीत असूं नये, चौकोनी असावी, नाहीं तर पाय घसरतो, असें तो म्हणतो. युद्धकाळचा भाडेकरीही सुमारें दोन इंच रुंदीची पट्टी घेई व तिच्या वरच्या कडा तासून किंचित् बोथट करी. एका कोंबडीस आठनऊ इंच जागा पुरे. सर्व दांड्या एकाच उंचीवर असाव्या लागतात. एक जरी उंच ठेवली तरी प्रत्येक कोंबडी तिच्यासाठींच भांडते. मानाची जागा ओळखण्यांत तीही माणसाहून मागें नाहीं.

अंडें घालण्याचें खोकें मात्र दांडीच्या खालीं ठेवावयाचें. तें वर गेलें तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडीं घाण होतात. फूटभर लांबरुंद असें एक खोकें तीनचार कोंबड्यांस चालतें. येथेंच संत्र्याचें खोकें उपयोगी पडे, कारण मधल्या फळीमुळें त्याचे आयतेच दोन कप्पे झालेले असत. खुराड्याचा तळ जमिनीपासून फूटभर उचलून विटांवर ठेवीत. तळाखालीं मोकळी जागा राहिली म्हणजे ओल चढत नाहीं व उंदरांस बीळ करण्यास आडोसा मिळत नाहीं. छपराला डांबरी कागद, खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी, दाराला कडी. कडी लावण्याचें विसरणें हें खुराडेंवाल्याचें एकमेव अक्षम्य पाप होतें.

सर्वांत कठीण प्रश्न हवेचा. थंड देशांतील माणसास वाटतें कीं कोंबडीलाही थंडी वाजत असेल, म्हणून तो फटी बुजवून टाकतो. कोलुमेलानेंही खुराडें स्वयंपाकघरास लागून असावें व त्यांत धूर जावा असें सुचविलें होतें. पण त्यानें पूर्वेकडे खिडक्याही सांगितल्या होत्या, हें पुढच्या लोकांच्या ध्यानांत राहिलें नाहीं. बंद खुराड्यांत श्वासाची व विष्ठेची वाफ साठते, भिंतींस पाणी सुटतें आणि कोंबड्यांस घुरघूर लागते. अमेरिकेंत या चुकीची पुष्कळ किंमत मोजल्यावर समोरची बाजू उघडी ठेवण्याची पद्धत पुढें आली; प्रिन्स टी. वुड्स यानें १९१२ मध्यें तिच्यावर पुस्तक लिहिलें. कोरडी थंडी कोंबडीचीं पिसें सोसतात. ओल आणि अंगावर थेट येणारा झोत तीं सोसत नाहींत. म्हणून पाठीच्या तीन बाजू बंद, पुढची बाजू जाळीची, आणि दांडी मागच्या भिंतीकडे. समोरची भिंतच नको म्हटल्यावर तेवढें लाकूड वांचलें, ही गोष्ट भाडेकऱ्यास फार मानवली. आपल्याकडे कोंबडीं ज्या बुरुडी डालग्याखालीं डालून ठेवितात, त्याच्या विणींतूनही हवा अशीच खेळते.

आणखी एक शत्रु डोळ्यांस दिसत नसे. तांबूस रंगाची बारीक कीड दिवसां दांडीच्या टोंकांशीं, फळीच्या चिरांत दडून बसे व रात्रीं निजलेल्या कोंबडीचें रक्त शोषी. ठिकठिकाणच्या जुन्या फळ्या जोडून केलेल्या खुराड्यांत अशा चिरा मुबलक; येथें मात्र स्वस्ताईचा दंड भरावा लागे. दांड्या सुट्या काढतां येतील अशा बसवावयाच्या आणि वरचेवर डांबराच्या तेलानें पुसावयाच्या, एवढाच त्यावर उपाय होता.

अशीं खुराडीं किती झालीं? घरगुती कुक्कुटपालकांच्या परिषदेचे सभासद दहा लाखांवर गेले होते, आणि सरकारी हिशेबांत आलेल्या ताज्या अंड्यांचा सुमारें चतुर्थांश परसांतून येत होता, असें सांगतात. त्या काळच्या आठवणी निघाल्या कीं उकडलेल्या सालींच्या वासाची तक्रार बहुतेक येतेच. दुसरी आठवण मुलांची असते. सहा कोंबड्यांना सहा नांवें ठेवलेलीं असत, आणि नाताळच्या सुमारास त्यांतली एक अंडीं देईनाशी झालेली असे. कांहीं घरांत त्या दिवशीं मुलें जेवलीं नाहींत.

१९५३ मध्यें अंड्यांवरील नियंत्रण उठलें, दुकानांत अंडीं भरपूर दिसूं लागलीं आणि परसांतील खुराडीं एकामागून एक ओस पडलीं. हक्क मात्र १९५० च्या कलमांत राहिला, आणि इंग्लंड व वेल्समध्यें तें कलम आजही लागू आहे. युद्धकाळच्या मोकळिकींतील डुकरांस पार्लमेंटनें त्यांतून वगळलें. नर कोंबड्यासही त्यांत स्थान नाहीं; कलमांतील शब्द केवळ मादीला लागू पडतो. पहांटे आरवून गल्ली जागी करणाऱ्या त्या गृहस्थास भाडेकऱ्याच्या परसांत आणावयाचें झालें, तर भाडेपट्टा पुन्हां उघडून वाचावा लागतो.