चिचेन इत्झाच्या दोन विहिरी

मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाचा नकाशा पाहिला, की उत्तर भागात एक गोष्ट लगेच खटकते. नदीच नाही! पाऊस पडतो, पण जमीन चुनखडीची, त्यामुळे पाणी वर न थांबता खाली जिरतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून हे पाणी किंचित आम्लधर्मी होतं, दगड विरघळवतं, गुहा होते आणि कधीतरी तिचं छत कोसळतं. अशा उघड्या पडलेल्या पाण्याला माया लोक 'त्सोनोत' म्हणतात, स्पॅनिश तोंडी त्याचं 'सेनोते' झालं. आपण सोयीसाठी विहीर म्हणू, पण ती कोणी खोदलेली नाही.

'चिचेन इत्झा' या नावाचा अर्थच 'इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशी'. मात्र शहरात मोठ्या विहिरी दोन. श्तोलोक नावाच्या विहिरीत उतरायला पायऱ्या होत्या, पिण्याचं पाणी तिथलं. दुसरी 'पवित्र विहीर' उत्तरेला, आणि मुख्य चौकातून तिच्याकडे खास बांधीव रस्ता जातो. व्यास सुमारे 60 मीटर, कडे उभे, पाणी काठापासून वीसेक मीटर खाली. पाणीपुरवठ्याच्या हिशेबाने ही जागा अगदीच गैरसोयीची. तरीही रस्ता तिच्याकडे बांधला, कारण इथे पाणी घ्यायला नव्हे, तर पर्जन्यदेव चाक याला द्यायला लोक येत.

काय दिलं, ते 1904 पासून एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वकिलाने (कोर्टातला नव्हे, परराष्ट्र खात्याचा) गाळ उपसून वर काढलं. जेड, तांब्याच्या घंटा, कोपाल राळेचे गोळे, सोन्याच्या तबकड्या. युकातानात सोनं सापडत नाही. त्यातलं बरंचसं आजच्या कोस्टा रिका-पनामाकडून आलेलं, म्हणजे या विहिरीची ख्याती किती दूरवर होती ते बघा. बराच ऐवज गुपचूप हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये गेला, काही भाग नंतर मेक्सिकोला परत मिळाला.

हाडंही निघाली, आणि 'कुमारिकांचा बळी' ही कथा जगभर पसरली. पर्यटकांना अजूनही तीच सांगतात. हाडं मात्र पुरुषांची, बायकांची आणि लहान मुलांचीही आहेत. जवळच्याच एका चुल्तूनमध्ये, म्हणजे जमिनीखाली खोदलेल्या टाक्यात, 1967 मध्ये मुलांचे अवशेष सापडले होते. त्यातल्या 64 जणांच्या डीएनएचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मुलगे, बहुतेक तीन ते सहा वर्षांचे, त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या.