पीडीएफ मुद्रणप्रतींतील टंकदोष

मुद्रणासाठी तयार केलेल्या पीडीएफ फाइलीत टंक म्हणजे फाँट नसल्याने, अपुरा असल्याने वा बदलला गेल्याने छापील मजकुरात जे दोष उद्‌भवतात, त्यांस टंकदोष म्हणतात. खिळ्यांच्या जुळणीत हवा तो खिळा नसल्यास जुळाऱ्यास ते तत्काळ कळे. संगणकीय मुद्रणात मात्र नसलेल्या टंकाच्या जागी बहुधा दुसरा आपोआप योजिला जातो व चूक पुष्कळदा छपाईनंतरच उघडकीस येते.

अडोबी कंपनीने १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनभाषा व १९९३ मध्ये पीडीएफ हे फाइलरूप प्रसृत केले. फाइल लहान राहावी म्हणून १४ प्रमाण टंक वाचणाऱ्या यंत्रणेतच असल्याचे गृहीत धरले जाई. त्यांत देवनागरी टंक एकही नव्हता. शिवाय भारतीय लिप्यांच्या अनेक जुन्या टंकांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असत. असा टंक फाइलीत अंतर्भूत नसल्यास मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटे. १९९१ च्या युनिकोड संहितेत देवनागरीस स्वतंत्र संकेतांक मिळाले. पुढे १९९६ मध्ये जाहीर झालेल्या ओपनटाइप रूपात जोडाक्षरांचे नियम टंकातच ठेवता येऊ लागले.

दोषाचे निदान करताना प्रथम फाइलीची टंकसूची पाहतात. टंक अंतर्भूत नसल्यास मूळ दस्तऐवजावरून नवी फाइल काढावी लागते. मात्र काही टंकांचे परवाने अंतर्भावास मनाई करतात. टंक अंशतः अंतर्भूत असेल, तर त्यात केवळ वापरलेल्या आकृत्याच असतात. त्यामुळे ऐनवेळी मुद्रणालयात केलेली दुरुस्ती अक्षराअभावी अडते. जोडाक्षरे फुटलेली वा वेलांटी स्थानभ्रष्ट झालेली असल्यास दोष बहुधा पीडीएफपूर्व जुळणीत असतो. कारण पीडीएफमध्ये तयार आकृत्याच साठविल्या जातात. तो मूळ दस्तऐवजातच सुधारणे इष्ट होय.

२००१ मधील पीडीएफ/एक्स-१ए या आंतरराष्ट्रीय मानकाने मुद्रणप्रतीतील सर्व टंक अंतर्भूत करणे बंधनकारक केले. अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करणे हा अखेरचा उपाय होय. त्याने छपाई निभावते, परंतु मजकूर शोधता किंवा सुधारता येत नाही. म्हणून ग्रंथाच्या पुनर्मुद्रणासाठी मूळ दस्तऐवज व टंक दोन्ही जतन करणे अगत्याचे ठरते.